सहा खोटे आकडे

भिमाजी कोठुळे यांचा कोणावरही विश्वास नव्हता आणि त्याबद्दल त्यांना कधी लाजही वाटली नाही. छत्तीस वर्षं त्यांनी बाजारात मापारी म्हणून काढली. मापारी म्हणजे शेतकऱ्याचा माल आणि व्यापाऱ्याचा काटा यांच्यामध्ये उभं राहून वजन पुकारणारा माणूस. काट्याच्या कडेला हळूच पाय टेकवणारे, पोत्यावर पाणी मारून आणणारे, पारड्याच्या खालून लोखंडाचा तुकडा चिकटवणारे, असे नमुने त्यांनी इतके पाहिले होते की निवृत्त झाल्यावरही त्यांची नजर काही घरी बसायला तयार होईना. गॅसचं सिलिंडर आलं की आप्पा आपला स्प्रिंगचा काटा काढून आधी वजन करायचे आणि सिलिंडरवाला तोवर दारात जांभया देत उभा राहायचा. म्हसरूळच्या त्या गल्लीत त्यांना सगळे आप्पा म्हणत, घरातही आप्पाच. पाठीमागे लोक काय म्हणत तेही आप्पांना ठाऊक होतं, कारण ते त्यांनी चौकशी करून काढलं होतं.

आप्पांना एकच मुलगी, तेजल. तेवीस वर्षांची, बी.कॉम. झालेली. दोन वर्षांपूर्वी ती स्कूटरवर आईला मागे बसवून नात्यातल्या हळदीला निघाली होती, आणि हायवेच्या सर्व्हिस रोडवर एका वळणाला सांडलेल्या बारीक खडीवरून गाडी घसरली. तेजलला नुसतं खरचटलं. आईच्या, म्हणजे मनीषाबाईंच्या, मांडीचं हाड मोडलं, आत रॉड टाकला, आणि तेव्हापासून त्या पाय ओढत चालतात. घरात या गोष्टीवरून कोणी कोणाला पुन्हा एक शब्द बोललं नाही. आपण पोरीला बोल लावला नाही याचा आप्पांना मनातून थोडा अभिमानच होता.

पण त्या दिवसापासून तेजलनं काहीही ठरवणं सोडलं. भाजी कोणती करू, तर तुम्ही सांगा. ड्रेस कोणता घालू, तर आई सांगेल. एका पतसंस्थेतून मुलाखतीचं पत्र आलं, ते टीव्हीखाली पडून राहिलं आणि तारीख निघून गेली. पोरगी डोळ्यांसमोर होती आणि तरी घरात नव्हती. आप्पांचा जीव तुटायचा, पण त्यांना बोलता यायचं नाही. मग ते उगाच काटा काढून किराण्याच्या पुड्या तोलत बसायचे.

अशी ही तेजल एका रविवारी दुपारी म्हणाली, "मी स्नेहलबरोबर जाऊन येते," आणि संध्याकाळी परत आली ती जिन्यात गुणगुणत. पुढच्या रविवारीही गेली. तिसऱ्या रविवारनंतर तिनं कोणालाही न विचारता भेंडीऐवजी गिलकी आणली. मनीषाबाईंना आनंद झाला. आप्पांच्या मनात पाल चुकचुकली.

पेन शोधायच्या निमित्तानं त्यांनी तिची पर्स उघडली तर आत एक निळा फासा निघाला. सहा नव्हे, वीस बाजूंचा. फासा म्हणजे जुगार हे त्यांच्या मनात पक्कं होतं. दुपारी दोघी झोपल्यावर त्यांनी तो फासा ओट्यावर चाळीस वेळा टाकून पाहिला, कुठे एका बाजूला जड तर नाही म्हणून. फासा सरळ होता. त्यामुळे संशय उलट वाढला, कारण फासा सरळ असेल तर लबाडी माणसात असणार.

"हे काय हाय?" त्यांनी तिला विचारलं.

तेजल आधी पर्स उघडल्याबद्दल चिडली, मग सांगू लागली. "तो गोष्टीचा खेळ आहे आप्पा. एक जण गोष्ट चालवतो. आम्ही त्यातली माणसं होतो. काय करायचं ते आम्ही ठरवतो आणि जमलं की नाही ते फासा सांगतो."

"आन् तो एक जण काय ठरवतो?"

"बाकी सगळं."

"बाकी सगळं म्हंजी?"

"नदी, पाऊस, राजा, राजाचे शिपाई. त्याला सूत्रधार म्हणतात. आमचा मंगळू आहे ना, तो कसला भारी चालवतो."

आप्पांनी मान हलवली. माल एकाच्या हातात, काटा त्याच्याच हातात आणि वजन पुकारणारही तोच. अशा माणसाला बाजारात कोणी उभं केलं नसतं. पुढच्या रविवारी ते चपला घालून तेजलच्या आधी दारात उभे होते.

कॅनडा कॉर्नर नावाच्या चौकाजवळ एका झेरॉक्सच्या दुकानावर स्पर्धा परीक्षांची अभ्यासिका आहे. रविवारी दुपारी ती बंद असते, तेव्हा हे लोक तिथलं मोठं टेबल वापरत. तेजल आणि तिची मैत्रीण स्नेहल. अंबडच्या कंपनीत काम करणारा राकेश, जो कायम थट्टेत. आणि रोहित, जो नियमांचं जाड पुस्तक छातीशी धरून बसायचा. टेबलाच्या टोकाला मंगळू गावित. हरसूलच्या पुढच्या एका पाड्यावरचा, तिशी ओलांडलेला, पंचवटीत लग्नपत्रिका छापणाऱ्या प्रेसमध्ये कामाला. बारीक अंगाचा, इस्त्री नसलेला शर्ट. आणि त्याच्यासमोर घडी घातलेला पुठ्ठ्याचा एक आडपडदा.

तो पडदा पाहिल्याबरोबर आप्पांचं डोकं फिरलं. बैलबाजारातले दलाल उपरण्याखाली एकमेकांची बोटं दाबून सौदा करतात, आणि ज्याचा बैल त्यालाच काही दिसत नाही. हात झाकणाऱ्या माणसाला आप्पा जन्मभर ओळखून होते.

"पडदा कशाला रे बाबा?" त्यांनी विचारलं.

"पुढे काय होणार ते त्यांना दिसू नये म्हणून, काका," मंगळू म्हणाला. "आणि जिथे कोणाच्या जिवावर बेतलं असेल तिथला फासा मी आत टाकतो. बाकीचे तेच टाकतात."

"म्हंजी महत्त्वाचा माल तू झाकून तोलतो."

राकेश हसला. मंगळू हसला नाही. "बसा ना काका," म्हणाला, "तुम्हाला वाटलं तर बघा."

खेळ सुरू झाला. गोष्ट एका मोठ्या नदीची होती. राजानं तिचे सगळे घाट बंद केले होते आणि ही चौघं एका नावेतून औषधं पोचवत होती. स्नेहल वैदीण, रोहित चोर, राकेश आपला हत्ती हरवलेला माहूत. आणि तेजल त्या नावेची तांडेल, म्हणजे नाव कुठे न्यायची ते ठरवणारी. आप्पांनी हे ऐकलं आणि त्यांना हसू आलं, कारण घरी या तांडेलला चहात साखर किती ते ठरवता येत नव्हतं.

मंगळूनं फार काही केलं नाही. आवाज चढवला नाही, हातवारे केले नाहीत. घाटावर जकात घेणारी एक म्हातारी आणली. ती बोलायला लागली तसा त्याचा खांदा एका बाजूला कलला आणि खोलीत म्हातारी आली. राकेश बराच वेळ गप्प आहे हे पाहून म्हातारीनं त्यालाच विचारलं, तुझ्या अंगाला हत्तीचा वास कसा रे येतो? राकेश थट्टा विसरून हरवलेल्या हत्तीबद्दल बोलायला लागला. रोहित पुस्तकातला नियम काढून अडून बसला तेव्हा मंगळूनं वाद घातला नाही. राजाचा एक कारकूनच तसाच पुस्तक घेऊन घाटावर आणला आणि रोहितची त्याच्याशी जुंपून दिली. मग तो तेजलकडे वळला आणि म्हणाला, "पूल जळतोय. खालून जायचं की थांबायचं, तांडेल?" आणि थांबला. चांगला थांबला. तेजल म्हणाली, "खालून. वल्ही मारा." असा आवाज आप्पांनी दोन वर्षांत ऐकला नव्हता.

पडद्याआड फासा वाजला. "सोळा," मंगळू म्हणाला, आणि नाव पुलाखालून निघाली. आप्पांच्या हातातला चहा गार झाला होता. ते स्वतःवरच चिडले. इतकं गोड जो गुंतवतो त्याच्यावर तर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवली पाहिजे.

मंगळूच्या मागे काचेची दारं असलेलं पुस्तकांचं कपाट होतं. पुढच्या रविवारी आप्पांनी आपली खुर्ची दीड हात सरकवली. आता त्या काचेत पडद्यामागचं टेबल दिसत होतं आणि फाशावरचे आकडे मोठे होते. प्रतिबिंबात आकडे उलटे दिसतात, पण छत्तीस वर्षं काटा वाचलेल्या माणसाला त्याचं काय? कॅलेंडरच्या जुन्या पानामागे त्यांनी दोन रकाने आखले. एकात पडलेला आकडा, दुसऱ्यात पुकारलेला.

तीन रविवारांत पडद्यामागे एकवीस वेळा फासा पडला. पंधरा वेळा मंगळूनं खरा आकडा सांगितला. सहा वेळा खोटा. आणि सहाही वेळा तेजलची पाळी होती. चार पडला, त्यानं चौदा सांगितला. दोन पडला, सतरा सांगितला. दर वेळी पोरीच्या बाजूनं.

आप्पांनी पानाची घडी केली. तिशीतला पुरुष, तरण्या पोरीला सहा वेळा झुकतं माप देतो, आणि तेही झाकून. यात काय पाणी मुरतंय ते कळायला अजून कसला पुरावा हवा? ते जागेवरून उठले आणि टेबलापाशी गेले. खेळ थांबला.

"थांबा जरा," ते म्हणाले आणि कॅलेंडरचं पान टेबलावर ठेवलं. "हा मास्तर खोटं पुकारतो. हे पडलेले आकडे, हे त्यानं सांगितलेले. सहाच्या सहा वेळा माझ्या पोरीच्या पाळीला. का रे? काय लागते ती तुझी?"

रोहितनं पान ओढून घेतलं. "मंगळू, खरंय हे?"

मंगळूचा चेहरा उतरला. त्यानं नाही म्हटलं असतं तर आप्पांनी त्याला कपाटाची काच दाखवली असती, पण तो म्हणाला, "खरंय."

आप्पांनी विजयानं तेजलकडे पाहिलं. ती मंगळूकडे बघत होती. "तो जळता पूल?" तिनं विचारलं.

"तीन पडला होता."

"आणि धबधब्यावरून मी सगळ्यांना उतरवलं ते?"

मंगळूनं खाली बघत पडद्याची घडी मिटली.

"म्हणजे मी कोणालाच वाचवलं नव्हतं," तेजल म्हणाली. तिनं आपला निळा फासा उचलून पर्समध्ये टाकला आणि उठली. रिक्षात बापाशेजारी ती घरापर्यंत पर्स मांडीवर आवळून बसली. रात्रीच्या भाजीला काय करायचं असं मनीषाबाईंनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "तुम्ही सांगा."

मंगळूनं खेळ सोडला. दोन रविवार सुने गेले. मग स्नेहलचा फोन आला की रोहित सूत्रधार व्हायला तयार आहे, पडदा नाही, सगळे फासे टेबलावर. आप्पांना हायसं वाटलं. "आता कसं, उघड्यावर सौदा," म्हणत त्यांनी तेजलला जवळजवळ ओढतच नेलं.

तेच टेबल, तीच माणसं, तीच नदी, तेच पुस्तक. रोहितनं काहीही लपवलं नाही. तो नियम वाचायचा, मग फासा, मग पुन्हा नियम. घाटावर जकातवाली म्हातारी आली. रोहितनं सांगितलं, "म्हातारी आहे. तिची ताकद सहा." राकेशनं तिला विचारलं, "आजी, माझा हत्ती दिसला का?" रोहित पुस्तकात पाहून म्हणाला, "ते इथे दिलेलं नाही." राकेशनं मोबाईल काढला. थोड्या वेळानं स्नेहलनंही काढला. एकाही आकड्यात खोट नव्हती आणि त्या नावेत कोणी बसलेलं नव्हतं. रोहित घामाघूम झाला होता. बिचारा मनापासून करत होता, हेही आप्पांना दिसत होतं.

"पुढे दोन वाटा आहेत," रोहित वाचून म्हणाला. "तेजल, कुठे जायचं?"

"तुम्हीच ठरवा," तेजल म्हणाली.

हे वाक्य आजवर या टेबलावर आलं नव्हतं. ते आपण आणलं, हे आप्पांना नीट कळलं.

मंगळवारी ते पंचवटीतल्या प्रेसवर गेले. मंगळू जाळीच्या चौकटीवरून सोनेरी शाई ओढत होता आणि कोणाच्या तरी लग्नाचा गणपती कार्डामागून कार्डावर उमटत होता. आप्पांनी आधी आपली शंका मोकळी केली. "लगीन झालं का तुझं?"

"झालंय काका. बायको गावी अंगणवाडीत आहे. दोन मुली आहेत." त्यानं मोबाईल काढून फोटोही दाखवला. आप्पांनी तो मोठा करून पाहिला.

"मंग माझ्या पोरीला झुकतं माप का देत व्हता?"

मंगळूनं हात पुसले. "पहिल्या दिवशी तिचा आकडा कमी पडला, नाव आपटली. खेळातली नाव हो. नुसतं कोणाला तरी लागलं म्हणालो तर तिचा चेहरा असा झाला की माझ्याच्यानं बघवेना. पुढच्या वेळी पुन्हा कमी पडला आणि मी मोठा आकडा सांगून मोकळा झालो. मग ती सवयच लागली." त्यानं चौकट उचलून भिंतीला टेकवली. "चुकलंच माझं. आमच्या पाड्यावरच्या बोहाड्याच्या उत्सवात माझा बाप सोंग घ्यायचा, लाकडाचा एवढा जड मुखवटा तोंडावर बांधून रात्र काढायचा. एकदा नाचता नाचता पडला. लोकांना वाटलं, सोंगच तसं आहे. त्यानं ते पडणंच पुढं नाचात घेतलं. सूत्रधाराला तसं जमलं पाहिजे. वाईट आकडा पडला तर त्यातून गोष्ट काढता आली पाहिजे. मला धीर झाला नाही, म्हणून आकडा बदलला."

आप्पांनी मग त्याला अपघाताचं सांगितलं. बाहेरच्या माणसाला त्यांनी ते पहिल्यांदाच सांगितलं. मंगळू ऐकत राहिला आणि शेवटी एवढंच म्हणाला, "मागे बसली होती आई?"

"मागं."

मंगळू पुन्हा यायला तयार झाला, पण तेजलला परत आणायला आठवडा लागला. तिची एक अट होती. जिवावरचा फासा आप्पा टाकतील आणि आप्पाच पुकारतील. "तुम्ही खोटं नाही बोलणार," ती म्हणाली. तिच्या तोंडून ते कौतुक म्हणून आलं नव्हतं, पण आप्पांना ते मान्य करावं लागलं.

त्या रविवारी पडदा नव्हता. मंगळूनं नदीला पूर आणला. मागून राजाचे शिपाई, मध्ये नाव बांधायला एक खडक, समोर पलीकडचा काठ. त्यानं घाई केली नाही. पाण्याचा आवाज किती वाढलाय ते सांगितलं, स्नेहलला औषधांच्या पेट्या मोजायला लावल्या, राकेशला विचारलं, तू नावेत कुठे बसलायस? "मागच्या टोकाला," राकेश म्हणाला. तेजलनं मान वर केली.

"थांबायचं की पलीकडे जायचं, तांडेल?"

तिनं राकेशकडे पाहिलं. मग म्हणाली, "जायचं."

आप्पांनी फासा टाकला. तो घरंगळत त्यांच्याच चहाच्या कपामागे जाऊन थांबला. त्यांच्याशिवाय कोणालाही दिसत नव्हता. दोन.

चौदा म्हणायला काय लागतं? सगळे कपाकडे बघत होते. फक्त मंगळू आप्पांकडे बघत होता, आणि दर रविवारी हा माणूस पडद्याआड काय घेऊन बसायचा ते आप्पांना त्या क्षणी कळलं. खोटं पुकारावं असं आयुष्यात पहिल्यांदा त्यांना वाटलं. पण हेही खोटं होतं असं पोरीला दुसऱ्यांदा कळलं तर?

"दोन," ते म्हणाले आणि कप बाजूला केला.

"नाव कलली," मंगळू सावकाश म्हणाला. "मागचं टोक पाण्याखाली गेलं. माहूत पाण्यात आहे."

तेजल पांढरीफटक पडली. आप्पा खुर्चीतून अर्धे उठले; पुरे झालं, बंद करा, असं त्यांच्या ओठांवर आलं होतं. मंगळूनं त्यांच्याकडे पाहिलंही नाही. त्यानं तेजलला धीर दिला नाही, दोर फेकला नाही, चमत्कार केला नाही. तो राकेशकडे वळला. "पाणी छातीपर्यंत आलंय. एक वाक्य बोलायला वेळ आहे. कोणाशी काय बोलतोस?"

राकेश थट्टा करील असं आप्पांना वाटलं. राकेशनं टेबलावर बोटानं रेघ ओढली, पुसली. मग तेजलकडे बघत म्हणाला, "तांडेलशी. नावेत मी माझ्या मनानं बसलो होतो. तू बसवलं नव्हतंस."

तेजलचे डोळे भरून वाहायला लागले आणि तिनं ते पुसले नाहीत. मंगळूनं ते सगळं होऊ दिलं, आणि बऱ्याच वेळानं, अगदी हळू म्हणाला, "नाव अजून पाण्यात आहे."

"पेट्या पुढे घ्या," तेजल म्हणाली. आवाज फाटलेला होता. "रोहित, त्याचं वल्हं तू घे. थांबायचं नाही. पलीकडे लागलो की मी त्याला शोधायला परत येणार आहे."

खेळ संपल्यावर आप्पांनी राकेशला जिन्यात गाठलं. इतकं सगळं पाहूनही मूळ स्वभाव कुठे जातो? "ते वाक्य तुला त्यानंच शिकवून ठेवलं व्हतं ना? खरं सांग."

"नाही हो काका," राकेश म्हणाला. त्याचेही डोळे लाल होते. "त्यानं फक्त विचारलं. मला तरी कुठं माहीत होतं मी काय बोलणार ते."

रिक्षात आप्पा ते एकच वाक्य चघळत होते. फक्त विचारलं. इतकं साधं काम, आणि छत्तीस वर्षं नुसती चौकशी करण्यात घालवलेल्या माणसाला ते सुचू नये? शेजारी तेजल बाहेर बघत होती. तिच्याशी आत्ता बोलावं असं त्यांना फार वाटलं, पण हिंमत झाली नाही.

घरी मनीषाबाई पाय लांब करून मेथी निवडत होत्या. तेजल दारात चपला काढत होती. आप्पा टोपीही न काढता बायकोसमोर जाऊन बसले.

"एक विचारतो," ते म्हणाले. "त्या दिवशी हळदीला निघाली, तव्हा स्कूटरवर तू आपल्या मनानं बसली व्हती का?"

मनीषाबाईंनी हातातली जुडी खाली ठेवली. "मनानं म्हंजी काय? मीच बसले. ही म्हणत व्हती, आई रिक्षा करू, तिकडं खडी सांडलीये. म्या म्हटलं, रिक्षा कुठं बघत बसती, हळद लागून जाईल, काढ गाडी."

दारात तेजलचा हात चपलेच्या पट्ट्यावर तसाच राहिला.

"मंग हे दोन वर्षात तू एकदा तरी बोलली का नाय?"

"मला कोणी विचारलंय का?" मनीषाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही. "तुम्ही दवाखान्यात आले ते सरळ हिच्याकडं गेले आन् म्हणाले, किती जोरात व्हती गं? मी स्ट्रेचरवरून ऐकलं. पोरीनं खाली मान घातली, ती अजून वर केली नाय. त्याच्यावर मी काय बोलायचं? मला वाटलं, तुमचं ठरलंय."

आप्पांना ते वाक्य आठवेना. त्यांनी डोक्याला फार ताण दिला. दवाखान्याचा वास आठवला, जमिनीवर पडलेली तेजलची एक चप्पल आठवली, पण आपण असं काही विचारलं होतं हे आठवेना. ते काट्यावर उभ्या राहिलेल्या कोणालाही विचारावं तसं त्यांच्या तोंडून निघून गेलं असणार. त्यांनी वळून लेकीकडे पाहिलं. तिला एकेक अक्षर आठवत होतं, ते तिच्या तोंडावर दिसत होतं.

"पंचवीसवर होते आप्पा," तेजल म्हणाली. "वळणावर आणखी कमी केला होता."

"बरं," आप्पा म्हणाले.

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि पोरीनं सांगितलेला आकडा तिथेच, दुसऱ्यांदा न विचारता, मान्य केला.